लाइट गेली नव्हती

मित्रांनो, आमच्या इस्पितळात माझ्याविषयी एकच वाक्य सगळ्यांना पाठ आहे : "लाइट गेली असेल." शिपाई ते म्हणतो, नर्स म्हणते, साहेबही म्हणतात. म्हणून माझी हकीकत सुरू करण्याआधीच सांगून टाकते. लाइट गेली नव्हती.

मी पत्र्याची एक जुनी, चपटी, राखी रंगाची पेटी आहे. माझ्या पुढच्या अंगाला चोवीस भोके आहेत. प्रत्येक भोकात एक तार आणि तारेशेजारी एक हिरवा ठिपका. मला स्विच म्हणतात. हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचे दिव्याचे बटण आले असेल. ते माझे कुणी लागत नाही. माझे काम संगणकांचा निरोप एकमेकांना पोचवण्याचे. प्रयोगशाळेतल्या संगणकाने रक्ताचा अहवाल पाठवला की तो एका भोकातून माझ्याकडे येतो, आणि मी तो बाळंतिणींच्या वॉर्डाकडे जाणाऱ्या भोकातून सोडते. एवढे व्हायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. त्यामुळे मी काही करते आहे असे कुणाला वाटतच नाही.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी आफ्रिकेतल्या आमच्या देशाच्या तेमा बंदरात उतरले. तिथे गोदामात सात आठवडे पडून राहिले, कारण माझ्या कागदांवर कुणीतरी "स्वयंपाकाची भांडी" असे लिहिले होते. मग एका ट्रकमधून, सुक्या मासळीच्या टोपल्यांना टेकून, मी व्होल्टा नदीचा पूल ओलांडला आणि त्सितोकोफेच्या या इस्पितळात आले. त्याला आता अकरा वर्षे झाली.

मला पहिल्यांदा भिंतीवर चढवले ते एफो त्सिकाता यांनी. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला 'एफो' म्हणजे थोरला भाऊ म्हणतात. हरमतानचे कोरडे वारे सुटून सगळीकडे लाल धूळ बसू लागली की ते दाढीचा ब्रश घेऊन येत आणि माझ्या पंख्याची पाती एकेक करून पुसत. दर सोमवारी ते माझी रोजनिशी वाचत. हो, मला रोजनिशी आहे. मला काय झाले, कधी झाले, कुठल्या भोकापाशी झाले, हे सगळे मी वेळ घालून लिहिते. "काय गं, परवा दुपारी अकरा नंबरला काय खुपलं तुला?" असे ते विचारीत. मेट्रनबाई पाहुण्यांना आणून माझे ठिपके दाखवत. ते दिवस फार चांगले होते.

मग एफो त्सिकाता निवृत्त होऊन आपल्या कसाव्याच्या शेतावर गेले. माझी खोली कोठीघर झाली. बादल्या आल्या, मच्छरदाण्यांचे गठ्ठे आले, नाताळचा कापडी फलक आला. तो माझ्यावरच टाकला. चार वर्षे माझी रोजनिशी कुणी उघडली नाही.

त्याच काळात माझ्या कारखान्याने एक पत्र पाठवले. माझ्या मूळ घडणीतच एक खोट होती, ती त्यांना उशिरा सापडली. खोट साधी होती. तारेला जोडलेले प्रत्येक यंत्र दर अर्ध्या मिनिटाला मला आपले नाव सांगते, "मी अमुक, मी इथे आहे." मी ते ऐकून टिपून ठेवते. पण नाव फार लांब असले तर ते माझ्या वाटीत मावत नाही. उरलेले बाहेर सांडते, आणि सांडलेले पुसायला मला कुणी शिकवलेच नव्हते. असे सांडत सांडत माझे सगळे डोके भरून जाते, आणि मी कोसळते. कुणी दुष्टाने ठरवले तर मुद्दाम लांब नाव सांगून मला पाडू शकेल, असे पत्रात होते. सोबत औषधही होते, म्हणजे ती खोट बुजवणारी नवी आज्ञावली, फुकट. ते पत्र एफो त्सिकातांच्या नावे आले. ते तर शेतावर.

आमच्याकडे दुष्टाची गरज पडली नाही. आमच्याकडे आदर पुरला.

गेल्या वर्षी आमच्या गावचे राजे, तोग्बे सेनयागा सातवे ('तोग्बे' ही राजाची पदवी), यांनी इस्पितळाला एक मोठा विजेचा फलक दिला. बाहेरच्या दालनात बसलेल्या रुग्णांचे नंबर त्यावर झळकतात. तो बसवायला सेफाकोर आली. ही आमची संगणक सांभाळणारी नवी मुलगी. सहा महिन्यांसाठी तात्पुरती, मग काम पाहून कायम. फलकाने पहिल्याच पानावर विचारले : यंत्राचे नाव?

"फलक एक, असं घालते," सेफाकोर म्हणाली.

व्यवस्थापक अग्बेकोसाहेब मागेच उभे होते. "फलक एक? तोग्बेंनी दिलेल्या वस्तूला फलक एक? फलकाखालच्या संगमरवरी पाटीवर त्यांचं नाव जसं कोरलंय तसं सगळं घाल."

आता आमच्याकडे तोग्बेंचे नाव कुणी अर्धे घेत नाही. नाव म्हणजे नाव, मग कितवे, मग कुठले अधिपती, मग कुणाचे नातू, मग लढाईत मिळालेली नावे. अर्धे नाव घेणे म्हणजे त्यांना अर्धेच मानणे. सेफाकोर याच गावची. तिलाही त्यात गैर वाटले नाही. साहेब उभे राहून वाचत गेले, ती लिहीत गेली. हत्तीच्या पाठीवर बसणारे, सात कुळांची सावली, आटलेल्या विहिरीला पाणी आणणारे. दोनशेहून अधिक अक्षरे झाली.

आणि तो फलक दर अर्ध्या मिनिटाला ते सगळे मला ऐकवू लागला.

पाऊण तासात माझे डोके भरले आणि मी कोसळले. चार मिनिटांनी शुद्धीवर आले. पुन्हा हत्तीची पाठ, सात कुळे, विहीर. पुन्हा पाऊण तास. फलक दिवसाचे आठ तास चालू असे, तेवढ्यात दहा वेळा. मी कोसळले की अहवाल अडकत. नर्सा कागद घेऊन पडवीतून धावत. आणि सगळे एकमुखाने म्हणत, "लाइट गेली असेल."

डोक्यावर दिवा जळत असे. पंखा फिरत असे. तरीही.

त्यांनाही बोल लावून काय उपयोग? आमच्याकडे लाइट रोज जाते. कुठलेही यंत्र थांबले की त्याचे कारण एकच, हे इतके अंगवळणी पडले आहे की वर मान करून दिव्याकडे कुणी पाहत नाही. साहेबांनी माझ्यासाठी नव्या बॅटऱ्या आणल्या. मी कोसळले. वायरमन आला, त्याने भिंत फोडून नवी वायर टाकली. मी कोसळले. विजेचा दाब सारखा ठेवणारा एक डबा आणून माझ्या उशाला ठेवला. तो रात्रंदिवस गुणगुणतो. मी कोसळले. प्रत्येक वेळी मी रोजनिशीत स्वच्छ लिहीत होते : डोके भरले, सतरा नंबरवरून आलेले नाव फार लांब. मोठ्या अक्षरांत लिहायची सोय असती तर तसेही लिहिले असते.

सेफाकोरचे पाच महिने संपले होते. साहेब तिला माझ्या खोलीच्या दारातच म्हणाले, "शुक्रवारी तोग्बे स्वतः फलक बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर हे बंद पडलं, तर सोमवारी तू येऊ नकोस. मी तसं वरती लिहीन."

"साहेब, लाइट माझ्या हातात आहे का?"

"मग तुझ्या हातात काय आहे?"

त्या दुपारी ती मच्छरदाण्यांच्या गठ्ठ्यावर बसून राहिली. प्रयोगशाळेचे एफो कोफिगा अक्प्ले म्हणजे मक्याच्या पिठाचे गोळे आणि भेंडीच्या रश्श्याचा डबा घेऊन आले. जिभेने तिखट माणूस, पण जेवताना कुणाला एकटे सोडणार नाही.

"जेव. नोकरी गेली तरी पोट राहतंच."

"एफो, चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? गंमत सांगतो. काल दुपारी तीन तास खरंच लाइट नव्हती. जनरेटरवर होतो. माझे अहवाल कसे सुरळीत गेले. एकदा थांबले नाहीत. परवाही तसंच. आपल्या इस्पितळाला आता अंधारच मानवतो बघ."

सेफाकोरचा घास हातातच राहिला. "पुन्हा सांगा."

"काय? अंधार मानवतो?"

"लाइट नसताना पेटी पडत नाही?"

"नाही पडत. विचार मेट्रनला."

मित्रांनो, त्या क्षणी मला रडू येण्याची सोय असती तर मी रडले असते. जनरेटरवर प्रयोगशाळा आहे, वॉर्ड आहेत, मी आहे. फलक नाही. लाइट गेली की फलक गप्प, आणि मी ठणठणीत. लाइट आली की फलक बोलू लागतो. सेफाकोरने हात धुतले, नाताळचा कापडी फलक माझ्यावरून ओढून काढला, संगणक जोडला आणि माझी रोजनिशी उघडली. चार वर्षांनी.

ती बराच वेळ वाचत होती. मग हलकेच म्हणाली, "अगं बाई. ही तर रोज सांगत होती."

"कोण?" एफो कोफिगांनी विचारले.

"ही पेटी."

"मग तू काय करत होतीस?"

"बॅटऱ्या बदलत होते."

कारखान्याचे पत्र तिने तासाभरात शोधून काढले. पण साहेब ऐकेनात.

"तोग्बेंचं नाव कापायचं म्हणतेस?"

"नाव नाही कापत. पेटीला औषध देते. बारा मिनिटं बंद ठेवावी लागेल."

"आणि परत उठली नाही तर? शुक्रवार परवावर आलाय. आहे तसं चालू दे."

"चालत नाहीये, साहेब."

"ते लाइटमुळे."

तेव्हा सेफाकोरने दुसरा रस्ता धरला. रिवाजाप्रमाणे श्नॅप्स दारूची एक बाटली घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोग्बेंच्या वाड्यावर गेली. पुढचे मी तिने एफो कोफिगांना सांगितले तसे सांगते. तोग्बेंशी थेट बोलायचे नसते. शेजारी त्सियामी बसतो, त्याला सांगायचे, तो तोग्बेंना सांगतो, मग त्यांचे उत्तर तोच आपल्याला देतो. सगळे दोन हातांवर असूनही. राजाला जाऊन काय सांगायचे, तर तुमचे नाव आमच्या पेटीला झेपत नाही.

तिने तसेच सांगितले. त्सियामीने घसा खाकरला आणि ते बरेच गोड करून पुढे पोचवले.

"तिला विचार," ते त्सियामीला म्हणाले, "पेटी खरोखर पडते?"

"दिवसातून दहा वेळा," सेफाकोर म्हणाली.

"माझ्या पणजोबांचं नाव ऐकून शत्रू पडायचे म्हणतात. माझ्या वाट्याला पेटी आली." सभेतले म्हातारे हसू दाबू लागले. मग तोग्बेंनी विचारले, "तिच्यापाशी उपाय काय आहे?"

"दोन आहेत. नाव लहान करायचं, नाहीतर पेटीला औषध द्यायचं. औषध मला देता येतं. परवानगी नाही."

"नाव माझं एकट्याचं नाही, ते मी कापू शकत नाही," तोग्बे म्हणाले. "व्यवस्थापकाला निरोप दे. पेटी बरी झाली असेल तरच मी येईन."

गुरुवारी दुपारी मेट्रनबाईंनी बारा मिनिटांसाठी पडवीत सहा नर्सा उभ्या केल्या, कागद हातोहात न्यायला. सेफाकोरने मला बंद केले. त्या बारा मिनिटांबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी नव्हतेच. शुद्धीवर आले तेव्हा फलक आपले पालुपद सुरू करतच होता. मी वाटीत मावेल तेवढे घेतले, उरलेले दाराबाहेरच राहू दिले. डोके हलके राहिले. पाऊण तास झाला. दोन तास झाले. सेफाकोर समोरच्या गठ्ठ्यावर घड्याळ धरून बसली होती. तिसऱ्या तासाला तिला तिथेच झोप लागली.

शुक्रवारी तोग्बे मोठ्या छत्रीखाली आले, फलकासमोर दीड तास बसले. दीडशे रुग्णांचे नंबर झळकून गेले. एकदाही काही थांबले नाही.

पुढच्या आठवड्यात सेफाकोरला कायम केल्याचे पत्र आले. तिने ते माझ्याजवळ उभे राहून वाचले. "विजेच्या पुरवठ्यातील दोष दूर करून इस्पितळाची सेवा केल्याबद्दल." ती तशीच शेजारच्या खोलीत साहेबांकडे गेली. दार उघडेच होते, मला ऐकू येत होते.

"साहेब, दोष विजेचा नव्हता."

"आता सही झाली आहे. बॅटऱ्यांवर एवढा खर्च केला, तो उगाच का?"

"ठीक आहे. आणखी एक आहे. कारखान्याचं नवं पत्र आलंय, पेटीत दुसरी एक खोट निघालीय. बारा मिनिटं हवीत."

"आता कशाला? चालतंय ना?"

"चालतंय म्हणूनच मागते. पडल्यावर तुम्ही वायरमन बोलावता."

साहेब काही वेळ कागद चाळत राहिले. "बुधवारी घे. अकराच्या आत आटप."

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, आणि माझ्यात अजून किती दोष निघतील कोण जाणे. त्याची मला लाज नाही, ज्यांनी घडवले तीही माणसेच होती. तुमच्याकडे एवढेच मागते : तुमच्या शाळेत, दुकानात, दवाखान्यात माझ्यासारखे कुणी कोपऱ्यात काम करत असेल, तर त्याच्यावर बादल्या रचू नका. ते पडले तर आधी त्यालाच जाऊन विचारा, आणि उभे असतानाही अधूनमधून त्याच्यासाठी थोडा वेळ काढा. बुधवार परवावर आहे. सेफाकोरने मेट्रनबाईंना सांगून ठेवले आहे. आज सकाळी तिने कुठूनसा एक दाढीचा ब्रशही आणला. तो कसा धरायचा ते तिला अजून नीट कळलेले नाही, पण माझ्या पंख्याची दोन पाती तिने पुसली.