ज्या दुकानात कुणी बसत नसे

"बस गं बाळ, डुगडुगतं का बघ जरा."

मित्रांनो, मला घडवणाऱ्या सुताराचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. त्याची लेक माझ्यावर बसली, पाय हलवत राहिली आणि म्हणाली, "नाही डुगडुगत, बाबा." मी एक जुने लाकडी स्टूल आहे. त्या पोरीनंतर कितीतरी वर्षे माझ्यावर कुणी बसलेच नाही.

मला एका कापडाच्या दुकानाने विकत घेतले. थोरल्या मालकांचा तिथे दंडक होता : माणूस बसला की धंदा बसतो. 'बसणे' हा शब्दच दुकानात वर्ज्य. पडदा खिडकीला 'बसेल' म्हणायचीही चोरी; 'लागेल' म्हणायचे.

मग माझे काम काय? माझ्यावर चढून वरच्या फळीवरचे तागे काढायचे. सगळ्यांत जास्त चढायची ती दुकानात कामाला असलेली अक्का. कापड मोजायची, फाडायची, घडी घालायची, आणि तोंडाचा पट्टा सुरूच. "मालक, आज पाय इथंच ठेवून जाते. उद्या परत आणायला नकोत." धाकटे मालक हसत. माणूस मायाळू, पण वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. तेही कंबरेवर हात ठेवून दिवसभर उभेच.

पुढे अक्काचे पाऊल जड झाले. सुजलेले घोटे, निळ्या शिरा मला जवळून दिसत. कुणी बघत नसले की ती हळूच एक गुडघा माझ्यावर टेकवी आणि गुणगुणे,

कापड सरेना, दिस गं सरेना,
पाय बोलती, तोंड बोलेना.

मग तेही थांबले. तागा उलगडताना ती मध्येच हरवून जाई. गिऱ्हाईक दोनदा विचारी, तेव्हा कुठे भानावर येई. मालकांनी विचारले, तर "काही नाही, झोप झाली नाही."

एका दुपारी ती म्हणाली, "घरी अडचण आहे. उद्यापासून नाही यायची मी."

मालकांनी मला ओढले आणि स्वतःच्या रुमालाने माझी धूळ पुसली.

"अक्का, बसा."

"अन् धंदा?"

"माझीही कंबर गेलीय. दोघं आडवे झालो तर तो असाही बसणारच. बसा तुम्ही."

ती आधी कडेला टेकली, मग नीट बसली. मित्रांनो, रोज माझ्यावर चढणारी अक्का इतकी दमली आहे, हे मलाही तेव्हाच कळले. तुमच्या घरी कुणी कामावरून आले, तर त्याला बसायला द्या. आणि तुम्हीही लगेच उठू नका. दमलेल्या माणसाचे शब्द जरा मागून चालत येतात.

मालक कामाला वळले नाहीत. तिच्यासमोर जमिनीवरच बसून त्यांनी विचारले, "फार दुखतात का पाय?"

"पायांचं काय, मालक, ते दुखतात म्हणून सांगता तरी येतं," अक्का म्हणाली. "सकाळी शटरचा आवाज आला की मला रडू फुटतं. कारण काही नसतं. हे कुणाला, कसं सांगायचं?"