ठुमकीचा खुराक

"तेल, साखर, वर खनिजाची पूड! आता टेबल-खुर्ची तेवढी मांडा बाईसाहेबांना."

सासूबाई भरड्याच्या पोत्यांआडून पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे शेडच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल, एवढ्याच हळू.

थोरल्या जाऊबाई ठुमकी डुकरिणीचा खुराक घमेल्यात कालवतच राहिल्या. "पाजतेय ती, आई. आत्ता पोटभर मिळालं नाही, तर पुढे फळायची कशी?"

"बाळंतिणीला बेताचंच घालावं. भरल्या पोटी लोळते आणि पिल्लं चिरडते."

हा आमच्या घरचा कायदा. डुकरीण पाजत असली की अर्धा डबा, आणि पिल्लं दुधावरून तोडली की समोर ढीग. वरातीमागून घोडं.

ठुमकी मागच्या वेताला अशीच खंगली होती. पिल्लं तोडल्यावर माजावर येईना. आमच्याकडे अशा डुकरिणीच्या पाठीवर लाल फुली मारतात आणि खाटकाला निरोप धाडतात. मामंजींनी फुली मारली, जाऊबाईंनी ती तेलाच्या बोळ्याने पुसली. मामंजींनी परत मारली, जाऊबाईंनी परत पुसली. एवढ्यात ठुमकी उशिरा का होईना फळली, म्हणून वाचली. मामंजी म्हणाले, "एवढं एक वेत. या खेपेला चुकली, तर फुली डांबराची."

म्हणून हा खुराक. जनावरांच्या डॉक्टरांना खोदून खोदून विचारून जाऊबाईंनी तो बसवला होता. पाजतानाच अंग राखायचं, म्हणजे पिल्लं तोडल्यावर ती वेळेत माजावर येते. मी बादल्या उचलायचे. जाऊबाईंना एकच लेक, पुढे काही नाही, आणि त्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढत नसे. त्या आल्या की बोलणं हवापाण्यावर जायचं. आमच्या घराएवढी हवापाण्याची काळजी वेधशाळेलाही नसेल.

पण घमेली रिकामी होत गेली आणि ठुमकीच्या कंबरेची हाडं वर येत गेली. पिल्लं तोडली. शेजारच्या कप्प्यातल्या, पाजत नसलेल्या डुकरिणी मात्र तुकतुकीत दिसत होत्या. ठुमकी कोपऱ्यात पडून राहिली, नराकडे ढुंकून बघेना.

आणि फाटकात टेम्पो आला.

जाऊबाई कप्प्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. हातात खराटा.

"ताई, सोडा दार," खाटीक म्हणाला. "मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"मग निघा की दादा. इथं काही नाही तुमचं."

"बाजूला हो," मामंजी म्हणाले. "तेल पाजलंस, साखर चारलीस, तुझे सगळे लाड झाले. भाकड ती भाकड."

"चारलेलं तिच्या अंगी लागलं असतं, तर दिसलं असतं. गेलं कुठे ते सांगा मला."

मामंजींनी सासूबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांनी पदर खोचला.

"माझ्याकडे काय बघताय? तुझी पाठ वळली की अर्धं काढून पलीकडच्या कप्प्यात टाकायची मी. पिल्लं चिरडली असती, मग? या घरात बाळंतिणीला बेतानंच मिळतं. मी काय नवीन केलं?"

"नाही, नवीन नाही." जाऊबाईंचा आवाज चढला नाही, पण खराटा खाली आला नाही. "लेक अंगावर होती, तेव्हा माझ्याही ताटातलं असंच उचललंत. चक्कर येऊन पडायचे, तरी उचललंत."

मामंजी आभाळाकडे बघत म्हणाले, "आज ढग—"

"ढग राहू द्या!"

खाटकानं हातातला दोर मागे लपवला.

"दादा, टेम्पो रिकामा न्या," जाऊबाई म्हणाल्या. "ही भाकड नाही. आणि सगळे मनात मलाही तेच म्हणता ना, तर ऐका, मीही नव्हते. पाजत होतो तेव्हा आम्हा दोघींना या घरानं उपाशी ठेवलं."