गॅलरी नको

देवदत्त विजयकर दादरच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात शिकवत. मुलांना ते आधी एखादी कथा वाचायला देत आणि विचारत, "यातलं माणूस कुठे बसतं? कुठे रडतं? कुणाची वाट बघत कुठे उभं राहतं? ते सापडल्याशिवाय पेन्सिल उचलू नका."

यंदा त्यांनी चाळीवरची एक कथा दिली. तिच्यातली बाई गॅलरीत तांदूळ निवडता निवडता शेजारणींपाशी मन मोकळं करते. त्या कथेवरून अनुजा गुरवने लालबागच्या आपल्याच चाळीचा नवा नकाशा काढला. उंच इमारत, पण प्रत्येक मजल्यावर रुंद, सामाईक गॅलरी आणि तिच्याकडे उघडणाऱ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या. परीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं.

चाळ पाडून नवी इमारत बांधायचं ठरतच होतं. "सर, रहिवाशांच्या मीटिंगला या ना. तुमचं ऐकतील," अनुजा म्हणाली.

रविवारी सकाळी चाळीच्या चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. अनुजाने आपल्या नकाशावरून बनवलेलं मॉडेल ठेवलं तशी माणसं वाकून वाकून आपापली खोली शोधू लागली. बिल्डरच्या आर्किटेक्टनेही ते नीट पाहिलं.

"होईल," तो म्हणाला. "फक्त गॅलरीची जागा तुमच्या खोल्यांतून जाणार. खोल्या लहान होतील."

कुजबुज सुरू झाली. देवदत्त उठले आणि त्यांनी कथेतला तांदूळ निवडण्याचा उतारा वाचून दाखवला. ते वाचत फार छान. मागे कट्ट्यावर मोबाईल बघत बसलेली पोरंसुद्धा गप्प झाली.

मग अनुजाची आई, शेवंती, उभी राहिली.

"चांगलं लिहिलंय, सर. खोटं नाही म्हणत मी. पण हिचे बाबा गेले ना, तेव्हा गॅलरी बायकांनी भरलेली असायची. जीव लावला त्यांनी. पण मला एकटीला रडायचं होतं. मी मोरीत जायचे, नळ सोडायचे आणि तोंडात पदर कोंबायचे. मला गॅलरी नको. आतून कडी लावता येईल अशी एक खोली द्या."

"आई, हे तू मला कधीच बोलली नाहीस," अनुजा म्हणाली.

"कुठे बोलणार? सगळ्यांना ऐकू जायचं."

देवदत्तांना सांगायचं होतं की दोन्ही साधता येईल, थोडा वेळ द्या. पण जागा तेवढीच होती, आणि ते त्यांनाही कळत होतं. ती कथा ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्या बाईला गॅलरीखेरीज दुसरी जागाच नसेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

अध्यक्षांनी मत विचारलं. गॅलरी नको म्हणून भराभर हात वर गेले.

शेवंतीनेच देवदत्तांना चहा आणून दिला. "राग मानू नका, सर."

"नाही हो," ते म्हणाले. कप हातात तसाच राहिला.

अनुजा मॉडेलशेजारी उभी होती. "सर, मग आता मी काय काढू?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि शेवंतीसाठी मॉडेलपाशी एक खुर्ची ओढली.