बेचाळीस नंबरचा पट्टा

“भीती नावाची गोष्ट जगात अस्तित्वातच नाही,” त्याने माइकवरून जाहीर केलं, भरलेल्या सभागृहावरून सावकाश नजर फिरवली आणि टेबलावरचा ग्लास उचलून पाण्याचा एक घोट घेतला. घोट घशाखाली उतरतो का याची वाट पाहिली. उतरला. मग तो पुढे म्हणाला, “असते ती फक्त माहितीची कमतरता.”

टाळ्या पडल्या. त्याच्या वाक्यांना टाळ्या पडतच. पहिल्या वर्षाच्या स्वागतापासून शेवटच्या वर्षाच्या निरोपापर्यंत पशुवैद्यकीय महाविद्यालयातला एकही कार्यक्रम त्याच्या भाषणाशिवाय पार पडला नव्हता, त्यामुळे शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे त्याला ‘वक्ते’ म्हणत. आजही बोलायचं होतं ते सहा जणांनी, पण पहिला मान वक्त्यांचा. हे सहा जण परदेशातल्या एका शिबिरात महिनाभर भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम विनामोबदला करून आले होते, आणि तिथे काय शिकलो ते सांगायला व्यासपीठावर बसले होते. पहिल्या रांगेत पुढच्या वर्षी जाणारी चौदा मुलं नव्या वह्या उघडून बसली होती. त्यांच्या शेजारी विभागप्रमुख मॅडम. सहाही जणांच्या अर्जांवर ‘माझ्या जबाबदारीवर’ असं लिहून सही करणाऱ्या त्या याच.

त्याने आणखी एक घोट घेतला.

“वाळवंटातून आलायस का रे?” शेजारच्या खुर्चीवरून आकडेबाई कुजबुजली. शिबिराच्या सगळ्या नोंदी ही मुलगी ठेवायची, म्हणून तिचं हे नाव. “सातवा आहे हा.”

तिची मोजणी चुकली होती. सकाळपासून धरला तर तो एकोणिसावा होता. घरी आई दोन आठवडे मागे लागली होती, की एवढं पाणी पितोस तर एकदा साखर तपासून घे. आईला काय सांगणार? पिसाळलेल्या कुत्र्याचं विष अंगात भिनलं की माणसाला पाणी गिळता येत नाही, आणि म्हणून आई, तुझा मुलगा दर अर्ध्या तासाने स्वतःची परीक्षा घेतो, हे काही जेवायच्या टेबलावर बोलायचं वाक्य नव्हतं. तो पंख्याखालीही मुद्दाम उभा राहून पाहत असे. त्या रोगात तोंडावरचा वाराही सोसत नाही म्हणतात. अजून तरी सोसत होता.

त्याच्या पाठीमागच्या पडद्यावर शिबिराच्या शेवटच्या दिवशीचा फोटो झळकत होता. सगळे हसत होते. तोही हसत होता, फक्त त्याचा उजवा हात खिशात होता. हा फोटो निघायच्या चार मिनिटं आधी त्याला कुत्रा चावला होता.

झालं होतं असं. शस्त्रक्रियेच्या वेळी कुत्र्यांच्या गळ्यातले नंबरांचे पट्टे काढून पिंजऱ्याच्या दाराला अडकवत, आणि जाग आली की पुन्हा घालत. एकाने धरायचं, दुसऱ्याने पट्टा घालायचा, आणि एका वेळी एकच पिंजरा उघडायचा. हे त्याला परदेशात नव्हे, इथेच पहिल्या वर्षी दवाखान्यातल्या मामांनी शिकवलं होतं. मामा म्हणजे तीस वर्षं जनावरं धरण्याच्या नोकरीत असलेले सेवक. खांद्यावर कायम एक टॉवेल. घाबरलेल्या जनावराला एका हाताने मानेशी कवटाळायचं, दुसऱ्याने पुढचा पाय कोपरातून धरायचा आणि डोळ्यांवर टॉवेल टाकायचा, ही त्यांची रीत. ते म्हणत, “दिसेनासं झालं की निम्मं काम होतं.”

त्या दिवशी सगळे फोटोसाठी अंगणात जमले होते आणि ‘वक्ते, चला’ म्हणून हाका मारत होते. दोनच कुत्री उरली होती, एकेचाळीस आणि बेचाळीस, एकाच गल्लीतून आणलेली, एकसारखी तपकिरी. वक्त्यांनी वेळ वाचवायला दोन्ही पिंजरे एकदम उघडले. धरायला कुणी नव्हतं. त्यांतल्या एकाने अंगठ्याखाली दात रोवले, पट्टे जमिनीवर पडले, आणि त्याने ते उचलून जो पट्टा हाताला लागला तो समोर येईल त्या कुत्र्याच्या गळ्यात घालून टाकला. हात पंधरा मिनिटं साबणाने धुवायचा असतो. त्याने बाहेरून तिसरी हाक येईपर्यंत धुतला. कुणी विचारलं तेव्हा म्हणाला, पिंजऱ्याची कडी लागली.

तेवीस दिवस झाले होते या गोष्टीला.

परतल्यावर दोन आठवड्यांनी त्याने तिकडच्या डॉक्टरीणबाईंना अगदी सहज लिहावं तसं लिहिलं, की एकेचाळीसची फार आठवण येते. त्यांनी फोटो पाठवला. एकेचाळीस मजेत, कुणाच्या तरी ओट्यावर उताणा. चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतर धडधाकट असेल तर माणूस सुटला, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण चावला तो हाच का, ते त्याला सांगता येईना. त्याला कुत्र्याचा चेहरा आठवत नव्हता. दात आठवत होते. आणि बेचाळीसचीही फार आठवण येते असं लिहायचा त्याला धीर झाला नाही.

आता कुणी म्हणेल, जायच्या आधी प्रतिबंधक इंजेक्शनं घेतलीच असतील की. घेतली होती, पाच जणांनी. सहावा तिन्ही वेळा शिस्तीत रांगेत उभा राहिला आणि तिन्ही वेळा त्याचा नंबर यायच्या आत त्याला फार महत्त्वाचा फोन आला. गटप्रमुख तोच. सगळ्यांची लसीची कार्डं गोळा करून शिक्क्याला नेणाराही तोच. आपल्या कार्डावरच्या तीन चौकटींत त्याने स्वतःच्या हाताने तीन बरोबरच्या खुणा केल्या होत्या, सुबक. कुत्र्यांना त्याने शेकडो सुया टोचल्या होत्या आणि त्याचा हात कधी कापला नव्हता. पण तिथे सुईचं टोक पलीकडच्या बाजूला असायचं.

अंगठ्याखाली काहीतरी सरसरलं. मुंगी असावी म्हणून त्याने पाहिलं. मुंगी नव्हती. चावल्याच्या जागी मुंग्या येणं हे त्या रोगाचं पहिलं लक्षण.

“आणि म्हणून मित्रहो,” त्याने भाषण आवरतं घेतलं, “निर्भय व्हा.”

टाळ्यांच्या गजरात आकडेबाई उठली. तिने पडद्यावर तक्ता लावला.

“तिकडच्या डॉक्टरांचा शेवटचा अहवाल आज सकाळीच आलाय. एकूण शस्त्रक्रिया एकशे अठरा. जखम चिघळली अशी प्रकरणं तीन, तिन्ही बरी झाली. मृत्यू एक. बेचाळीस नंबर. आपण निघाल्यावर चौथ्या दिवशी नाल्याजवळ मेलेला सापडला. कारण कळलं नाही. गाडीखाली आला असेल, किंवा...” तिने कागद उलटला. “‘किंवा’ एवढंच लिहून पुढचं सोडून दिलंय. पुढचा तक्ता.”

पुढचा तक्ता त्याने पाहिला नाही. तो उठला, पाहुण्यांना नमस्कार करत जावं तसा हसत खुर्च्यांच्या मागून गेला आणि बाहेर पडल्यावर धावला. दवाखान्याच्या व्हरांड्यात नळ होता. त्याने तो पूर्ण सोडला, साबणाची वडी घेतली आणि हात घासायला लागला. अंगठा लाल झाला तरी तो घासत राहिला. ओंजळभर पाणी प्यायला, ते उतरलं, पण आता त्याचा त्यावर विश्वास बसेना.

“वक्ते, टाकी रिकामी करताय होय?”

मामा बादली घेऊन उभे होते. त्यांनी नळाखालच्या हाताकडे पाहिलं. बादली खाली ठेवली आणि हात मनगटाशी धरून उजेडाकडे वळवला.

“कुणी घेतला चावा?”

“पिंजऱ्याची कडी लागली, मामा.”

“असं का. कडीला सुळे कधीपासून आले?”

त्याने अंगठा मुठीत दडवला. नळ वाहत होता.

“इंजेक्शनं झाली होती ना तुमची?”

“एकही घेतलं नाही मी, मामा.” आवाज माइकशिवायचा होता, फार बारीक. “आणि ते कुत्रं मेलंय. चौथ्या दिवशी.”

मामांनी नळ बंद केला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याचा हात पुसला, बोटाबोटांमधून, जनावराचा पाय पुसावा तसा.

“मॅडमना सांगा.”

“मॅडमची सही आहे माझ्या अर्जावर. हे कळलं तर पुढच्या वर्षी कुणाला पाठवणार नाहीत. ती चौदा पोरं वह्या घेऊन बसलीत आत.”

“ट्रिप बंद पडली तर परत सुरू करता येते,” मामा म्हणाले. “तुम्ही बंद पडलात तर तुम्हाला कुठल्या बाजूने ढकलायचं?”

तो आत आला तेव्हा प्रश्नोत्तरं सुरू झाली होती. पहिल्या रांगेतली चष्मेवाली मुलगी पेन सरसावून उभी होती. तिला विचारायचं होतं, की जाण्यापूर्वी नेमकी काय तयारी करावी. आकडेबाईने माइक त्याच्याकडे सरकवला. ग्लास समोरच होता. त्याने त्याला हात लावला नाही.

“तीन इंजेक्शनं घ्या,” तो म्हणाला. “कार्डावर नका घेऊ, दंडात घ्या. मी घेतली नाहीत. मला सुईची भीती वाटते. आणि मला कुत्रा चावलाय.”

सभागृहात हशा उसळला. वक्ते आज रंगात आले होते! चष्मेवालीही हसली आणि तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मागच्या रांगेतून शिट्टी आली. त्याने हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला, तर आणखी टाळ्या पडल्या.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या त्याच्या वर केलेल्या हाताच्या लाल अंगठ्याकडे पाहत होत्या. त्या उठल्या, पर्स खुर्चीवरच विसरून व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या आणि माइकवर हात ठेवून त्यांनी हळू आवाजात विचारलं,

“किती दिवस झाले?”

“तेवीस.”

त्यांचे ओठ हलले. त्या मोजत होत्या.

“चल.”

महाविद्यालयाची आरोग्य खोली आवारातच होती. तिथपर्यंत जाताना मॅडम त्याच्या पुढे दोन पावलं चालत होत्या आणि फोनवर कुणाला तरी औषध आत्ताच्या आत्ता पाठवायला सांगत होत्या. एकदा फोन त्यांच्या हातातून निसटला. तो त्याने उचलून दिला. मामा बादली विसरून मागून येत होते.

औषध यायला पाऊण तास लागला.  मॅडमच्या मांडीवर तिथल्या फायलीतून काढलेलं त्याचं कार्ड होतं, तीन सुबक खुणांचं, आणि त्या ते उलट-सुलट करून पाहत होत्या. त्याने एकदाच विचारलं.

“मॅडम, उशीर झालाय का?”

“सुरू करायला उशीर नसतो,” त्या म्हणाल्या. “असं मीच तुम्हाला शिकवते.” आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

सिस्टरने ट्रे आणला. एक इंजेक्शन दंडात द्यायचं होतं, आणि दुसरं, जरा दुखणारं, चावल्याच्या जागीच. पुढच्या तारखा तिने कागदावर लिहून दिल्या आणि त्या चौकटी या वेळी आपण स्वतः भरणार, असं सांगितलं. मग तिने बाटली उपडी धरली आणि सुई आत खुपसली. 

त्याने बाही वर केली. सुईच्या टोकाशी एक थेंब आला. हे टोक अलीकडच्या बाजूला होतं. त्याने मान फिरवली, तर तिथे मामा उभे. त्यांनी एक हात त्याच्या मानेमागून घातला आणि दुसऱ्या हाताने त्याचा कोपर पकडला.

“मामा,” वक्ते म्हणाले, “जरा टॉवेल टाकता का?”