नाल आणि चाक

वसंतात वासरांना मालकाच्या खुणेचा डाग द्यायच्या दिवसांत थॅडियस मोअरचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घोड्यावर बसून तो कळपात शिरायचा, वासराच्या मागच्या पायांत फास टाकायचा आणि त्याला जाळापर्यंत ओढत आणता आणताच त्याच्या आईच्या अंगावरची खूण ओरडून सांगायचा. "नाल!" म्हणजे हेस्टर क्विलनबाईंच्या रँचचं वासरू, "चाक!" म्हणजे शेजारच्या प्रॉसरचं. जाळाजवळचा माणूस मान वर करून गाईकडे बघत नसे. हाक ऐकायची आणि त्या खुणेची तापलेली डागणी टेकवायची. हाक देणाऱ्याला 'नक्की ना?' असं विचारणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं, अशी त्या खोऱ्यातली रीत होती.

थॅडला मात्र हिवाळ्यापासून नीट दिसेनासं झालं होतं. डोंगर दिसायचे, माणसं दिसायची, पण गाईच्या कुशीवरची खूण धुरकट व्हायची. रंगावरून, शिंगांवरून, चालीवरून तो वेळ मारून नेत होता. सांगणार कुणाला? घोड्यावरून उतरवलेल्या म्हाताऱ्या गुराख्याला स्वयंपाक्याच्या गाडीपाशी बटाटे सोलायला बसवतात, आणि त्यापेक्षा थॅडला मरण परवडलं असतं.

त्या दुपारी त्याने "नाल!" अशी हाक दिली. डाग बसला, वासरू धडपडत उठलं, आणि एक तांबडी गाय हंबरत पुढे आली. वासरू सरळ तिच्या आचळाला लागलं. तिच्या कुशीवर लख्ख चाक होतं.

सगळ्यांचे हात थांबले. प्रॉसरचा नवा मुकादम डेल्बर्ट तेवढा हसला.

"क्विलनबाईंचा कळप असा वाढतो होय! आम्हाला वाटायचं, तुमच्याकडचं गवतच सकस आहे."

"तोंड सांभाळ!" हेस्टरबाई कडाडल्या. "थॅड माझ्याकडे आला तेव्हा तू दुपट्यात होतास. चूक झाली, तर आमच्यातलं एक वासरू तुमच्या खुणेचं करून घे. रीतच आहे ती."

"चूक? याची?" डेल्बर्टने थॅडकडे बोट केलं. "याची हाक कधी चुकत नाही, असं तर अख्खं खोरं सांगतं. मग ही चूक कशी म्हणायची, बाई?"

आपण जन्मभर जपलेलं नाव आज बाईंच्याच गळ्याशी आलंय, हे थॅडला कळलं. तो खाली उतरला.

"बाई, मला दिसत नाही."

"डोळ्यांवर ऊन आलं असेल," त्या घाईने म्हणाल्या.

सगळ्यांनी ते मानलं असतं. डेल्बर्टलाही मानावं लागलं असतं. थॅडला क्षणभर मोह झालाच.

"ऊन पाठीमागे आहे, बाई. हिवाळ्यापासून दिसत नाही."

"आणि मला बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर उतरवलं असतंत."

"उतरवलंच असतं, गाढवा!" त्या ओरडल्या, आणि मग त्यांचा आवाज एकदम बसला. "माझ्यापाशी तरी बोलायचंस रे."

डेल्बर्टने मान खाली घातली.

थॅडने दोर बाईंच्या मुलीच्या, लेटीच्या हातात दिला. तिला फास टाकायला त्यानेच शिकवलं होतं आणि तिच्या घाईवरून हजारदा फटकारलंही होतं. मग कुणी सांगायच्या आत तो जाळाजवळ गेला आणि त्याने डागणी उचलली.

लेटी वासरू ओढत आली. "नाल!"

मागे धुळीत एक तपकिरी ढग हलत होता. ती गाय असावी. 'नीट बघितलंस ना, पोरी?' हे थॅडच्या ओठांवर आलं. डेल्बर्ट त्याच्याकडेच बघत होता. इतकी वर्षं माणसं आपल्या एका शब्दावर अशीच डागणी टेकवत आली, आणि या हंगामातही टेकवत होती, आपल्याला दिसत नसताना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डागणी हातात धरून ऐकणं इतकं अवघड असतं, हे त्याला घोड्यावरून कधी कळलंच नव्हतं.

त्याने लेटीला काही विचारलं नाही. वाकून त्याने डागणी टेकवली.