काचेवरची टिकली

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. किती जुना ते मोजत बसू नका. मी तयार झालो तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या पहिल्या भट्टीतून लोखंडाचा थेंबही बाहेर पडला नव्हता, एवढंच सांगतो. सध्या माझा मुक्काम त्याच भिलाईतल्या स्मृति नगरातल्या एका घरात, बैठकीच्या कपाटावर आहे. माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली आहे. ती मला मुळीच आवडत नाही, पण मला विचारतो कोण?

माझा जन्म रशियातला. चकचकीत लाकडाचं अंग, पुढे सोनेरी धाग्यांचं कापड, त्याखाली लांबट काच आणि काचेच्या दोन बाजूंना दोन गोल कान. डाव्या कानाने आवाज कमी-जास्त व्हायचा. उजवा कान पिळला की केंद्र बदलायचं. तुम्ही म्हणाल, कसं? माझ्या पोटात पत्र्याच्या पातळ पाळ्या आहेत. निम्म्या जागच्या जागी बसलेल्या, निम्म्या फिरत्या. कान पिळला की फिरत्या पाळ्या दुसऱ्या पाळ्यांच्या मधल्या फटींत सरकतात, पण एकमेकींना शिवत नाहीत. त्या किती आत गेल्या यावर मॉस्को बोलणार की नागपूर, हे ठरतं. त्याच वेळी चाकांवरून एक दोरा धावतो आणि दोऱ्याला अडकवलेला काटा काचेवर डावी-उजवीकडे सरकतो.

लोक काट्याचं फार कौतुक करतात. घरातली गोष्ट म्हणून सांगतो, काटा हा नुसता सांगकाम्या. दोरा नेईल तिकडे जायचं आणि ऐटीत उभं राहायचं. खरा हुशार आहे माझा हिरवा डोळा. काचेच्या वर तो चमकत असे. केंद्र नीट लागलं नसलं की त्यात रुंद काळी फट दिसायची, आणि केंद्र जसजसं नेमकं लागेल तसतशी ती मिटत यायची.

पावेल नावाच्या इंजिनिअरबरोबर मी भिलाईला आलो. कारखान्याच्या पॉवर हाउसमध्ये त्याच्या हाताखाली देवीदास होता. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेला, सातवी शिकलेला, अंगाने काटक. पावेलला मराठी येईना, देवीदासला रशियन येईना. पावेल वाफेच्या मीटरकडे बोट दाखवायचा, मग स्वतःच्या डोळ्याकडे, आणि देवीदास मान डोलवायचा. अशी त्यांची शाळा दोन वर्षं चालली. काटा सांगेल ते खरं, हे देवीदास तिथे शिकला आणि पुढे जन्मभर घोकत राहिला. पावेल मायदेशी परतला तेव्हा त्याने मला देवीदासच्या सायकलच्या कॅरिअरवर बांधलं आणि स्वतःच्या हाताने तीनदा गाठ तपासली.

कामगारांच्या मरोदा वस्तीतल्या त्याच्या क्वार्टरमध्ये माझं काय स्वागत झालं! पण काचेवरची सगळी नावं रशियन अक्षरांत. देवीदासने चष्मा पुसला, मान वाकडी केली, शेवटी म्हणाला, "हे त कायच समजून नाही राहिलं."

त्याची बायको रुक्मा हसली. तिला कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. "आता कसं, दोघंबी बराबर झालो," ती म्हणाली आणि तिने माझा कान हळूहळू पिळायला सुरुवात केली. शिट्ट्या, खरखर, कुठलं तरी परकं गाणं, आणि मग एकदम स्वच्छ मराठी. नागपूर! कारखान्यात हिंदी, बाजारात छत्तीसगढी ऐकून ऐकून ती मराठीला आसुसलेली होती. तिचे डोळे भरून आले. तिने कपाळावरची मेणाने लावलेली लाल टिकली काढली आणि काटा उभा होता तिथे काचेवर चिकटवली. माझ्या काचेवर इतकी मोठमोठी शहरं छापलेली आहेत, पण आपल्या हाताने लावलेलं गाव ते एकच.

पुढची दोन वर्षं माझा थाट काय वर्णावा! रोज माझ्यावरची धूळ पुसली जायची आणि भरतकाम केलेला रुमाल पांघरला जायचा. मग एका उन्हाळ्यात पोस्टकार्ड आलं. आठ वर्षांच्या शालूने ते आईला वाचून दाखवलं. "बाई, येत्या बुधवारी संध्याकाळी साडेसहाले नागपूरच्या रेडिओवर गाऊन राहिलो. मायच्या ओव्या गाईन. आइकजो. तुहा लहानू."

लहानू हा रुक्माचा धाकटा भाऊ. तो तीन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा रुक्मा स्वतः जेमतेम बारा वर्षांची होती. त्याला मांडीवर घेऊन ती दळण दळायची आणि आईच्या ओव्या गायची. भिलाईला आल्यापासून चार वर्षांत तिने त्याला पाहिलं नव्हतं.

"त्याले त्या ओव्या याद हायेत?" ती शालूला पुन्हा पुन्हा विचारायची. "इतकुसा होता तो."

बुधवारी देवीदास पहाटेच्या शिफ्टवरून दुपारी घरी आला. मेहुणा गाणार म्हणून त्याला हुरूप चढला. कारखान्यात मशीन पुसतात तसं त्याने माझं मागचं झाकण काढलं आणि फडक्याने आत खसाखसा पुसू लागला. मित्रांनो, मी जीव मुठीत धरून बसलो होतो. व्हायचं तेच झालं. दोरा तटकन तुटला आणि काटा लोंबकळला.

"अजी, हे काय करून ठेवलं!" रुक्माचा चेहरा पांढराफटक पडला.

"घाबरतं कायले? पॉवर हाउस सांभाळतो मी." त्याने मच्छरदाणीची दोरी काढली, दोन तास घाम गाळून ती चाकांवरून ओवली आणि काटा अंदाजाने अडकवला. कान पिळला की काटा पुन्हा सरकू लागला. देवीदासने मिशीवरून हात फिरवला. काटा जुन्या जागेपासून दोन बोटं चुकला होता. मी आतून ओरडत होतो, पण रेडिओला दुसऱ्याचंच बोलता येतं, स्वतःचं नाही.

सव्वासहाला शेजारची भागाबाई येऊन बसली. शालू पुढ्यात. देवीदासने मला सुरू केलं आणि काटा बरोबर टिकलीवर आणला. नुसती खरखर. साडेसहा वाजले. खरखरच.

"टेशनच बंद असन," देवीदास म्हणाला.

"थोडं इकडं-तिकडं करून पाहा ना."

"कावून करू? काटा बराबर टिकलीवर हाय. काटा का खोटं बोलते?"

घड्याळ पुढे सरकत होतं. तेव्हा घरोघरी आवाज साठवून ठेवायची सोय नव्हती. हवेत गेलेलं गाणं गेलंच. रुक्मा माझ्यासमोर येऊन बसली.

"सरका तुमी."

"अवं शालूची माय, बिघडवशीन!"

"टिकली मीनं लावली होती. मले मालूम हाय नागपूर कसं दिसते." तिने माझ्या हिरव्या डोळ्याकडे बोट केलं. "नागपूर लागलं का हा डोळा सारा मिटत नाही. गव्हाच्या दाण्याएवढी फट राहते. आता पाहा, केवढा वासून राहिला."

मित्रांनो, मला इतकी वर्षं इतक्या लोकांनी पाहिलं, पण इतकं निरखून कुणी पाहिलं नव्हतं. ती रोज ऐकताना माझा डोळा वाचत होती.

तिने कान पिळला. काटा टिकली सोडून उजवीकडे निघाला.

"अवं, तिकडं कुठी चालली! तिकडं रशिया हाय!" देवीदास कळवळून ओरडला.

तिने मान वर केली नाही. माझी फट हळूहळू मिटू लागली. बोटभर, मग अर्धी, मग गव्हाच्या दाण्याएवढी. आणि खरखरीतून एका तरुणाचा आवाज आला, थोडा कापरा, जात्याच्या लयीत. आईच्या ओव्या संपत आल्या होत्या. शेवटची त्याची स्वतःची होती.

"बहीण माझी दूर देशी, भट्टीच्या गं गावा,
वाऱ्यासंगं धाडतो मी निरोपाचा रावा."

रुक्माने कानावरचा हात काढलाच नाही. काढला तर तो जाईल, असं तिला वाटत असावं. भागाबाईने पदर डोळ्यांना लावला. देवीदास माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "आता मी टिकली सरकवून देतो."

"नोका सरकवू," रुक्मा म्हणाली. "मले आता टिकली नाही लागत."

त्यानंतर त्या घरात नागपूर टिकलीपासून दोन बोटं उजवीकडेच लागू लागलं. पाहुणे बुचकळ्यात पडायचे आणि देवीदास सांगायचा, "काटा नका पाहू, डोळा पाहा. आमच्या घरी असंच हाय." आपली चूक इतक्या अभिमानाने मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग खिशात मावणारे ट्रान्झिस्टर आले, टीव्ही आला आणि माझ्यावरचा रुमाल कधी गेला ते कळलंही नाही. वाईट वाटायचं, लपवत नाही. रुक्मा गेली त्या वर्षी म्हाताऱ्या देवीदासने मला माळ्यावरून पुन्हा खाली काढलं. माझ्या डोळ्याकडे बघत बघत त्याने कान पिळला, दाण्याएवढ्या फटीवर थांबला आणि नागपूर लावून तसाच बसून राहिला. काही दिवसांनी माझा डोळा विझला, आवाजही गेला. त्याने काट्याला हात लावला नाही.

आता हे घर शालूचं. परवा तिची नात ओलं फडकं घेऊन आली. "दादी, ये लाल दाग निकाल दूँ?" शालू स्वयंपाकघरातून धावत आली. तिने तिला जवळ बसवलं आणि ही सगळी गोष्ट मराठीत सांगितली. पोरीला निम्मीच समजली असेल, पण तिने फडकं कोरडं केलं आणि टिकली सोडून भोवतीची काच पुसली.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं म्हातारं माणूस किंवा म्हातारी वस्तू असेल. तिला जरूर पुसा, पण आधी विचारून घ्या, डाग कोणता आणि खूण कोणती. आणि कधी आमच्याकडे आलात, माझा काटा टिकलीपासून दोन बोटं दूर थांबलेला दिसला, तर बिघडला म्हणून हळहळू नका. तो नागपूरवर आहे.