तापीच्या वाळूवरची ट्रफाल्गर

सारंगखेड्याची फुलवंताबाई चोविसाव्या वर्षी विधवा झाली. सासरे पितांबर पाटील यांनी गावाचं बोलणं सोसून तिला शिकू दिलं. १९२३ साली ती व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे शिक्षिका होण्यासाठी लागणाऱ्या परीक्षेला, बसणार होती. त्यासाठी आठवड्यातून दोनदा नावेने तापी ओलांडून ती एका पेन्शनर मास्तरांकडे जाई.

सगळं जमलं, पण ट्रफाल्गरची लढाई काही केल्या डोक्यात शिरेना. सत्तावीस इंग्रजी जहाजांनी नेपोलियनच्या बाजूच्या तेहतीस जहाजांना हरवलं ते कसं? तिने समुद्र पाहिलेला नव्हता. मास्तर म्हणाले, "पाठ करा."

एकदा नाव भरायची वाट बघत ती काठावर मोठ्याने घोकत होती. म्हातारा नावाडी रेवजी जवळ आला. "काय वाची ऱ्हायनी, माय?"

तिने सांगितलं. रेवजी तरुणपणी सुरतेच्या गलबतावर खलाशी होता. त्याने वाळूत काठावरच्या गोट्यांची लांबलचक रांग मांडली आणि दुसऱ्या गोट्यांच्या दोन ओळी तिच्यात आडव्या घुसवल्या.

"रांग तुटनी. आते पुढल्या नावास्ले माघारे वळनं शे, पन वारा पडेल शे. त्या येतस तवलोंग मांगल्या खलास!"

फुलवंताबाई गोट्यांकडे बघतच राहिली. एवढं सोपं होतं!

धुळ्याला तोंडी परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. तिने टेबलावरच बोटाने रांगा काढून लढाई समजावली. इंग्रज आरमाराचा प्रमुख नेल्सन त्यात मेला, तेही सांगितलं.

"इंग्लंडच्या इतिहासात या लढाईचं महत्त्व काय?" परीक्षकांनी विचारलं.

"नेपोलियनला पुन्हा समुद्र ओलांडून इंग्लंडवर उतरण्याचं मनात आणता आलं नाही. पुढं शंभर वर्षं समुद्र इंग्रजांचा झाला." तिने टेबलावरून बोट उचललं. "आणि लढाईनंतर तेराच वर्षांनी आपला खानदेशही त्यांचा झाला."

"हे पुस्तकात आहे?"

"नाही. हे मला वाटलं."

परीक्षकांनी चष्मा काढला, तिच्याकडे पाहिलं आणि गुण लिहिले.

ती पास झाली. गावातल्याच मुलींच्या शाळेत तिला नेमणूक मिळाली. आधी ती सासऱ्यांच्या पाया पडली आणि मग नवं धोतर, नारळ घेऊन थेट नदीवर गेली. पाटलांची सून नावाड्यापुढे वाकलेली पाहून उतारू उठून बघू लागले.

रेवजी दोन पावलं मागे सरला. "माय, मी काय करं? गोटाच मांडात ना!"

"मास्तरनी पाठ कराले सांगं, बाबा. तुम्हीन समजाडी दिधं."

रेवजीने धोतर छातीशी धरलं. "नऊ वरीस मी दर्यावर व्हतु. गावमा कोन्हीच इचारं नही, तठे काय देखं म्हनून."

फुलवंताबाई नावेच्या काठावर बसली. "मंग सांगा ना. पहिल्यांदा गलबतवर कव्हय चढनात?"

पलीकडच्या तीरावरून लोक हाका मारत होते. रेवजीने वल्हं बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.